खोडलेला पहिला प्रश्न

६ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं, त्याला आज तीन महिने झाले. उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील तर रागव, पण जरा मोठं पत्र लिहून रागव. दोन ओळींत राग नीट मावत नाही. तुझा दादा गेला तेव्हा तू आली नाहीस, त्याबद्दल मी काही विचारणार नाही. अकरा वर्षं मी तुम्हा बहीणभावांच्या मध्ये पडले नाही. आता एकाच बाजूला माणूस उरलंय, तर मध्ये तरी कशी पडू?

महिनाभर मी आणि दादाची ज्युनिअर मिळून ऑफिस आवरतोय. छापखान्यावरच्या त्या दोन खोल्या तुला आठवतात ना? खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचा पाण्याचा पेला हळूहळू कडेला सरकायचा आणि दादा बोलता बोलता तो मागे ढकलायचा. आता छापखाना बंद आहे. पेला जागचा हलत नाही. ज्युनिअर तू पाहिलेली नाहीस. बुटकी, केस कापलेली, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली की, काकू, रडायचं असेल तर त्या खुर्चीवर बसून रडा, टेबलावर कागद ओले होतात. मला ती आवडली.

कपाटातून काय काय निघतंय! सफाई कामगार बायकांचा नऊ वर्षं चाललेला खटला. वस्तीतली म्हणून शाळेने दारातून परत पाठवलेली सहा मुलं. हाक मारल्यावर थांबला नाही म्हणून पोलीस ठाण्यात चार दिवस बसवून ठेवलेला तो न्हावी. बहिऱ्या माणसाने हाक ऐकायची कशी, हे विचारायला दादाला कोर्टात जावं लागलं. प्रत्येक फायलीत अर्जाचे चार-पाच कच्चे मसुदे आहेत, कारण ज्याचा अर्ज त्याला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय दादा तो सहीला ठेवायचा नाही. हेच म्हणायचंय ना तुम्हाला, असं विचारायचा, आणि समोरच्याने नुसती मान हलवली तर पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. इस्त्रीवालीने एकदा 'निराधार' हा शब्द काढायला लावला. म्हणाली, मी निराधार कशी, माझ्याकडे इस्त्री आहे. तो मसुदा सापडला. शब्द खोडून वर दादाच्या अक्षरात लिहिलंय: इस्त्री आहे.

आता कामाचं. येत्या २१ मार्चला मालधक्क्यामागच्या वस्तीत, शाळेच्या पटांगणात, दादासाठी सभा ठेवली आहे. वकील संघाला आपला हॉल हवा होता, पण वस्तीवाले हटून बसले. त्यांना तू यायला हवी आहेस. लहानपणचं सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

आणि एक विचारायचं होतं. जवळजवळ प्रत्येक मसुद्याच्या समासात पेन्सिलीने एक बारीकशी चिमणी काढलेली आहे. अगदी शेवटच्या महिन्यातल्या कागदांवरसुद्धा. ज्युनिअरला वाटतं, विचार करताना सर काहीतरी गिरवायचे. मला तसं वाटत नाही. तुला काही माहीत आहे का?

जावईबापूंना नमस्कार सांग. सांगशील ना?

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी वहिनी


१७ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते पदराखाली घेऊन घरभर फिरले. शेवटी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून वाचलं. चिमणीपाशी आले आणि खालीच बसले.

वहिनी, ती चिमणी माझी आहे.

दादा वकिलीचा अभ्यास करत होता तेव्हा घरी मसुदे वाचायचा, आणि समोर मी. हातात चमचा, पुढे पेला. जे वाक्य कळलं नाही तिथे मी पेल्यावर टण्ण वाजवायचं आणि दादाने थांबून ते सोपं करायचं. तुम्ही घरात आलात तेव्हा हा तमाशा तुम्ही पाहिलाच आहे. पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटलं होतं की मी पाणी मागतेय. पण त्याच्याही आधी, मी मिशनच्या वसतिगृहात होते तेव्हा, तो मसुदे पोस्टाने पाठवायचा. चमचा कसा पाठवणार? म्हणून मी अडलेल्या वाक्यासमोर समासात चिमणी काढून कागद परत करायची. सिस्टरांनी एकदा पकडलं. समास हा शिक्षकांच्या खुणांसाठी असतो, तिथे पक्षी बसवायचे नसतात, म्हणून मला अर्धा तास उभं केलं. दादाला हे कळवलं तर त्याचं उलट टपाली उत्तर आलं की सिस्टरांना सांग, तू शिक्षकच आहेस.

म्हणजे मी गेल्यावरही तो वाचत होता. मी कुठे अडले असते ते त्याचं तोच ठरवत होता. मला ह्याच्यावर जास्त लिहिता येत नाही.

पण सभेला मी येणार नाही. तुमच्यापाशी आडपडदा कशाला? त्याच वस्तीच्या खटल्यात दादाने आमच्या ह्यांना पिंजऱ्यात उभं केलं होतं. हे नगरपालिकेचे इंजिनिअर. जागेची पाहणी करून, एकशेऐंशी घरं राहायला धोकादायक आहेत असा अहवाल ह्यांनी दिला होता. दादा वस्तीचा वकील. ते त्याचं काम होतं, त्याला माझी ना नव्हती. पण चाळीस प्रश्न, वहिनी! नळाची तोटी डावीकडे की उजवीकडे? शाळेला पायऱ्या किती? इस्त्रीवालीच्या दाराचा रंग कोणता? आणि हे दर वेळी, आठवत नाही. दहाव्या प्रश्नानंतर लोक हसायला लागले. विसाव्यानंतर न्यायाधीशही रुमालाने तोंड पुसायला लागले. मी मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलं. निवृत्त होईपर्यंत कचेरीत ह्यांना मागून 'आठवतनाही साहेब' म्हणायचे. पहिले काही महिने हे घरी येऊन जेवत नसत.

घरचा माणूस होता हो दादा. दोन प्रश्नांत काम झालं असतं. चाळीस कशाला? तेव्हा मी त्याला कळवलं की आता आपला संबंध नाही, आणि तुम्हाला माझा हट्टीपणा माहीत आहे.

तरी अजून वर्तमानपत्रात अवघड वाक्य आलं की माझा हात चमचा शोधतो. ह्यांना वाटतं, मी चहाची आठवण करतेय.

गुडघ्याला शेकत जा. तुमची माया आहे तशीच राहू द्या, एवढंच मागणं.

तुमची,
चिमणी


२६ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लिहायचं की नाही, ह्यात चार दिवस गेले. कागद शिवणाच्या टोपलीत तळाला ठेवून दिला होता. रोज सुई घ्यायला जाते आणि तो दिसतो. शेवटी ज्युनिअर म्हणाली की, काकू, सर असते तर म्हणाले असते, ज्याचा कागद त्याला वाचून दाखवा. तर वाचून दाखवते.

तुझं उत्तर आल्यावर आम्ही वस्तीची फाइल काढली. त्यात उलटतपासणीच्या प्रश्नांची यादी आहे, दादाच्या अक्षरात. तुझे ते तोटी, पायऱ्या, दार, सगळे आहेत. पण त्यांच्यावर, सगळ्यांत वर, एक नंबरला दुसराच प्रश्न आहे: '२३ ऑगस्टला दुपारी आपण कुठे होता?' तो आडव्या दोन रेघांनी खोडलाय, आणि समोर चिमणी. बाकीच्या चिमण्या तांदळाच्या दाण्याएवढ्या आहेत. ही बोटभर आहे. खाली लिहिलंय: 'हा नाही. लांबच्या वाटेने.'

अहवालावर पाहणीची तारीख २३ ऑगस्ट आहे. चिमणे, त्या तारखेला तुझं ऑपरेशन होतं. मी थर्मास घेऊन आले तेव्हा ते दोघं दवाखान्यातल्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते. जावईबापूंच्या पायात घरातल्या सपाता होत्या, घाईत बूट घालायचे राहिले म्हणून. सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. दादाही नाही.

म्हणजे ते वस्तीत गेलेच नव्हते, आणि हे दादाला ऐकून नाही, शेजारी बसून माहीत होतं. तो एक प्रश्न विचारला असता तर खोटा अहवाल म्हणून जावईबापूंची नोकरी त्याच दिवशी गेली असती. चाळीस प्रश्नांनी एवढंच सिद्ध झालं की पाहणी वरवरची होती. नोटिसा रद्द झाल्या, घरं राहिली, आणि तुमच्या घरी समज देणारं एक पत्र आलं.

दादा देवमाणूस होता असं मी म्हणत नाही. चाळीस वर्षं त्याच्या शेजारी घोरणं ऐकलंय. ज्युनिअर म्हणते, तो प्रश्न विचारला असता तर सरांना स्वतःच साक्षीदार व्हावं लागलं असतं आणि वस्तीचं वकीलपत्र सुटलं असतं. तेही कारण असेल. मला कायदा कळत नाही. पण कायद्याच्या कारणासमोर कोणी बोटभर चिमणी काढत नाही.

उलटतपासणीच्या संध्याकाळी त्याचा घसा बसला होता. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या. म्हणाला, आज एका प्रश्नाचं काम चाळिसांकडून करून घेतलं. मला वाटलं, फुशारकी मारतोय. मी म्हटलं, मग आता गप्प बसा. आणि तो बसला की गं. अकरा वर्षं.

तुला दुखवायला लिहिलेलं नाही. रागावलीस तर मात्र मोठ्या पत्रात रागव.

तुझी,
वहिनी


९ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. मोठ्याने, दादासारखं.

हे खिडकीपाशी बसून बुटांना पॉलिश करत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, कुठे जायचं नसतं, तरी रोज करतात. तारीख आली तिथे ब्रश थांबला. मी पुढे वाचत राहिले. संपल्यावर विचारलं की हे खरं का. बूट खाली ठेवला आणि म्हणाले की दादा उभा राहिला तेव्हा ते त्याच प्रश्नाची वाट पाहत होते. दादाने ह्यांच्याकडे पाहिलं, पाणी प्यायला, आणि नळाची तोटी कुठल्या बाजूला आहे असं विचारलं. ह्यांना त्याच क्षणी सगळं कळलं होतं. नंतर जिन्यात गाठून दादाने एवढंच विचारलं की चिमणीचे टाके भरून आले का.

अकरा वर्षं, वहिनी. मी ह्यांच्या वतीने भांडले, भाऊ तोडला, आणि हे रोज समोर बसून जेवत होते. मी विचारलं की मला का नाही सांगितलंत. म्हणाले, तू माझ्या बाजूने इतकी ठाम उभी होतीस की मला ती सावली सोडवेना. आधी वाटलं, उद्या सांगू. मग दादा गेला.

तीन दिवस चहा टेबलावर आदळला. चौथ्या दिवशी मात्र मलाच खुदकन हसू आलं, आणि मग रडू. कारण मी तरी काय केलं होतं? दादाला एका शब्दाने विचारलं नाही. ह्यांच्यासारखाच मीही जागेवर न जाता अहवाल लिहून दिला. आणि माझ्या अहवालावर उलटतपासणी घ्यायला तो तरी आता कुठे आहे?

सभेचं सांगते. हे म्हणाले, आपण दोघं जाऊ. माझी पिशवी भरून झाली होती. दादाला आवडायचा तो निळा रंग म्हणून निळी साडी काढली होती. पटांगणात पुढे बसायचं, त्याचं नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं, एवढ्यासाठी जीव किती कासावीस झालाय, काय सांगू? पण काल पिशवी रिकामी केली. मी बरोबर असले तर हे पुन्हा माझ्याआडच उभे राहतील. त्या वस्तीत ह्यांनी एकदा एकट्याने जायला हवं. ह्यांना तसं सांगितलं. सदऱ्याला स्वतः इस्त्री केली. गळ्याशी चुरगळलीय, पण मी हात लावला नाही.

मी मागाहून येईन, चांगली महिनाभर राहायला. माझी एक विनंती आहे. वकील संघाचे अध्यक्ष नक्की बोलणार. ऑफिसातला पेला आणि एक चमचा बरोबर न्या.

ह्यांना सांभाळा. माझ्यावरचा राग मात्र मी येईपर्यंत जपून ठेवा.

तुमची,
चिमणी


२३ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जावईबापू आज सकाळच्या गाडीने निघाले. ते पोचतील त्याच्या मागोमाग हे पत्र पोचेल. ते सगळं सांगतीलच, पण त्यांची सांगण्याची पद्धत तुला माहीत आहे. तीन वाक्यांत आटोपतील. म्हणून मी लिहिते.

पटांगण भरलं होतं. सफाईच्या बायका होत्या. शाळेने परत पाठवलेल्या सहांपैकी चार जण आले होते. एक आता त्याच शाळेत शिकवते. न्हावी पहिल्या रांगेत. अध्यक्ष उठले आणि म्हणाले की दिवंगत विधिज्ञांच्या ध्येयनिष्ठ जीवनसाधनेचं मूल्यमापन शब्दातीत आहे. चिमणे, मी वाजवलं. टण्ण. सगळ्यांनी वळून पाहिलं. अध्यक्ष थांबले. ज्युनिअरने पुढे होऊन त्यांना सांगितलं की कळलं नाही, सर, सोपं करा. मग मागून कोणी डब्यावर वाजवलं, कोणी किल्ल्यांनी. अध्यक्षांनी कागद घडी करून खिशात घातला, चष्मा काढला, आणि म्हणाले की मी त्याच्यासमोर सतरा खटले हरलो, आणि आता कोर्टात जायला मजा येत नाही. खूप टाळ्या पडल्या.

मग जावईबापू. कोणी ओळखलं नाही. म्हणाले की अकरा वर्षांपूर्वी कोर्टात मला एक प्रश्न विचारला गेला नाही, त्याचं उत्तर द्यायला आलोय. २३ ऑगस्टला मी दवाखान्याच्या बाकावर होतो. इथे आलो नव्हतो. तुमची घरं न बघता मी ती पाडायला लिहून दिली. हे तुमच्या वकिलांना माहीत होतं, कारण ते माझ्या शेजारी बसले होते.

मी चमचा खाली ठेवला होता. तिथे कळलं नाही असं काहीच नव्हतं.

सगळ्यांनी माफ केलं असं मी लिहिणार नाही. एक म्हातारा उठून, खुर्ची पायाने सारून निघून गेला. दोन बायका आपापसांत जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. जावईबापू तसेच उभे, हात बाजूला सोडून. मग इस्त्रीवाली उठली. आता काठी घेऊन चालते. त्यांच्यापुढे येऊन आधी त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी न्याहाळली आणि म्हणाली की ही इस्त्री कोणी केली? ते म्हणाले, मी. ती म्हणाली, दिसतंच आहे. मग मनगट धरून म्हणाली की चला, आता पाहणी करा.

तासभर फिरवलं तिने त्यांना. सभा इकडे चालूच. परत आले तेव्हा बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले की वहिनी, तोटी डावीकडे आहे, पण उलटी फिरते. दाराला निळा रंग. पायऱ्या सात. आणि मग तोंडावर रुमाल धरून रडले.

ऑफिस मी सोडत नाही. ज्युनिअर तिथेच बसणार. तिने लिहिलेला नवा अर्ज सोबत पाठवते. घरकाम करणाऱ्या बाईला सोसायटीच्या लिफ्टमध्ये चढू देत नाहीत, त्याचा. मला वाचून दाखवला, पण मी पडले दादाची बायको, मला त्याची सगळी भाषा कळून चुकलीय. मसुद्याला परकं आणि हट्टी माणूस लागतं, म्हणते ज्युनिअर.

तुझ्या खुर्चीवरचे गठ्ठे उचलून ठेवलेत. बसायला ये.

तुझी,
वहिनी


३० मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

हे सुखरूप पोचले. तुमचं बरोबर होतं, तीन वाक्यांत आटोपलं. पण परवा आमच्या नळाची तोटी काढून, पुन्हा बसवून, बराच वेळ बघत होते. आणि सकाळी बुटांना पॉलिश न करता फिरायला गेले.

मसुदा परत पाठवते आहे. मुलगी चांगलं लिहिते, पण घाई करते. तिसऱ्या ओळीत, सातव्यात आणि शेवटच्या परिच्छेदात अडले, तिथे खुणा आहेत. हात इतक्या वर्षांनी वळत नव्हता. पहिली चिमणी बदकासारखी झालीय, तिला हसू नका म्हणावं. लिफ्टवाल्या बाईला वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नको, हेही सांगा.

मी सोमवारच्या गाडीने निघते. निळी साडी घेतलीय.

पाकिटावर पत्ता घालताना सवयीने दादाचंच नाव लिहिलं गेलं. दुसरं पाकीट घरात होतं. पण हेच पाठवलं. त्याचा पोस्टमन जुना आहे, कुठे द्यायचं ते त्याला कळेल.

भेटीपर्यंत मला मनात जागा असू द्या.

तुमची,
चिमणी